अ‍ॅस्परॅगस फर्नची कुंडी बदलताना तुमचं काय झालं?

गॅलरीच्या कोपऱ्यात सहा वर्षं एकाच कुंडीत बसलेलं अ‍ॅस्परॅगस फर्न परवा एकदाचं बाहेर काढलं. अंगठ्यात एक काटा अजून आहे, तेव्हा जोडाक्षरं चुकली तर सांभाळून घ्या.

नावात फर्न असलं तरी हे नेचं नव्हे. मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, आपल्या शतावरीच्या गोतातलं. लांबून मोरपिसासारखं मऊ दिसतं. काटे असतात फांदीच्या दांड्यावर, हिरव्या झुबक्यांच्या आड, त्यामुळे हात आत गेल्यावरच कळतं.

माझ्याकडे गेलं वर्षभर पाणी घातलं की दोन मिनिटांत सगळं खालच्या भोकातून बाहेर. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवरून दोनदा बोलणीही खाल्ली. पानं पिवळी पडून झडायची, मातीत बोट शिरेना, प्लास्टिकची गोल कुंडी तर चक्क लंबगोल झालेली.

आदल्या दिवशी भरपूर पाणी घातलं, कुंडी आडवी करून थोपटली, ओढली. ढिम्म. कडेने उलथनं घातलं तर तेच वाकलं. शेवटी पत्रा कापायच्या कात्रीने कुंडीच उभी चिरली. आतून निघाला तो कुंडीच्याच आकाराचा गड्डा. माती नावाला. नुसत्या पांढरट, फुगीर गाठी, ओल्या भुईमुगाच्या शेंगांसारख्या, एकीला एक चिकटून. एक नखाने फोडली तर आत पाणीच पाणी! आम्ही पंधरा-पंधरा दिवस गावी जायचो आणि हे कसं जगायचं, त्याचा उलगडा झाला.

पावाची सुरी निम्म्यात अडकली. मग नवऱ्याची करवत. लाकूड कापावं तसा आवाज, पण चार तुकडे झाले.

तुमचे अनुभव लिहा. हातमोजे कोणते वापरता तेही सांगा. मी भांडी घासायचे रबरी घातले होते, काटे त्यातून आरपार.

नाशिकहून

आमच्याकडे हे काम झाडानेच केलं. रात्री दोनला गच्चीवर फाडकन आवाज. मांजराने कुंडी पाडली असेल म्हणून सकाळी चढले, तर मातीची कुंडी उभी तडकलेली आणि फटीतून गाठी डोकावतायत. मांजराला उगाच शिव्या घातल्या.

कोल्हापूरहून

ताई, कात्रीने कापता आली म्हणजे तुमची कुंडी स्वस्तात गेली. माझी होती पोट सुटलेली, तोंडाशी निमुळती, चिनी मातीची. सासुरवाडीची भेट. अशा कुंडीत हे झाड कधी लावू नये. पोटात गाठी फुगल्या की तोंडातून गड्डा येत नाही. कुंडी तरी फोडा, नाहीतर झाड तरी सोडा. मी कुंडी फोडली आणि त्यावर घरात दोन दिवस अबोला सोसला.

बाकी माझी पद्धत सांगतो. आधी पिवळ्या फांद्या बुडापासून छाटायच्या. नुसते शेंडे छाटू नका, ती फांदी परत वाढत नाही, थोटकी तेवढी राहते. उरलेल्या फांद्या वर गोळा करून जुन्या गोणपाटात अंबाड्यासारख्या घट्ट बांधायच्या. काटे आत गेले की निम्मं युद्ध संपलं. हातमोजे वेल्डिंगवाल्यांचे, कातडी, कोपरापर्यंतचे. दुसरे नकोत.

गाठी तुटल्या म्हणून जीव खाली-वर करू नका. त्या पाण्याच्या टाक्या आहेत, नुसत्या गाठीतून नवं झाड येत नाही. जीव असतो वरच्या बुडख्यात, जिथून कोंब फुटतात. प्रत्येक तुकड्याला बुडख्याचा भाग आणि चार-पाच कोंब आले म्हणजे झालं. खालच्या तिसरा हिस्सा गाठी मी बेलाशक उडवतो. नव्या कुंडीत वर तीन बोटं जागा ठेवा, कारण गाठी वाढल्या की माती वर ढकलतात आणि मग पाणी काठावरून सांडतं.

नागपूरहून

काकांचं वाचून जखमेवर मीठ पडलं. मी हा उद्योग ऐन मे महिन्यात केला. मोठं घर दिलं की खूश होईल म्हणून एकदम दुप्पट कुंडी, वर मायेपोटी रोज पाणी. पंधरा दिवसांत सगळं पिवळं. वाटलं ऊन लागलं, म्हणून आणखी पाणी! उपटलं तर गाठी कुजून चिकट झालेल्या, वास असा की कुंडी तीन दिवस गेटबाहेर ठेवली. आता एकाच मापाने मोठी कुंडी, जून सरताना, सावलीत. पाणी वरची माती कोरडी झाल्यावरच.

रत्नागिरीहून

माझा काट्यांचा नाही, सासूबाईंचा अनुभव. गाठी पाहून त्या म्हणाल्या, अगो, ही तर शतावरी, टाकतेस कशाला, वाळवून दुधातून घेऊ. अर्धी परात धुऊनही झाली होती! औषधातली शतावरी वेगळी, ही शोभेची. लाल फळंसुद्धा खायची नाहीत, मांजर-कुत्र्यांनीही नाही. परात मी गुपचूप अंगणाच्या खड्ड्यात रिकामी केली. त्या अजून विचारतात.

सिडनीहून

तुम्ही याला कुंडीत जगवताय आणि इथे आम्ही उपटतोय. पक्षी लाल फळं खातात, बी रानात पडतं आणि जमिनीवर गादीसारखं पसरतं, खाली दुसरं काही उगवू देत नाही. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून हे राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांत धरलं जातं, आमच्या राज्यात विकायलाही बंदी आहे. रविवारी आम्ही काही जण जवळच्या रानात तण काढायला जातो. तिथे पहिल्याच दिवशी शिकवलं ते कोल्हापूरच्या काकांचंच: गाठी जमिनीत राहिल्या तरी चालतील, बुडखा मात्र सुरीने कोरून काढा. मुंबईला आईच्या खिडकीत याच झाडाला मी वर्षानुवर्षं पाणी घातलंय. पहिला बुडखा कापताना हात जरा अडखळला.

पुन्हा मीच

काका, कातडी मोजे आणले. हार्डवेअरच्या दुकानदाराने विचारलं, वेल्डिंग करता का? म्हटलं, नाही, बागकाम. तो बघतच राहिला.

काटा आज निघाला, सुई आणि मोबाइलच्या टॉर्चवर. चार तुकड्यांपैकी दोघांना कोंब आलेत, कोवळ्या खायच्या शतावरीचे असतात तसेच, फक्त काडीएवढे बारीक. तिसरा रुसलाय. चौथा खालच्या काकूंना दिला, चादरींची भरपाई म्हणून. त्यांनी तो पोट सुटलेल्या चिनी मातीच्या कुंडीत लावलाय. सांगू का नको?