मदत हवी आहे: हॉलंडची पार्टी ब्रेक्झिटचं कारण सांगून दर पाडायला लावतेय

माझा_माग
नमस्कार. सोलापुरात टॉवेलचं काम आहे आमचं. हॉलंडची जुनी पार्टी आहे, आता म्हणते सगळ्या ऑर्डरवर १० टक्के कमी करा, ब्रेक्झिटमुळे आम्हाला डबल ड्यूटी बसते. अहो, मी माल हॉलंडला विकतो, इंग्लंडला नाही. इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडलं तर पडलं, माझा काय संबंध? सीएला विचारलं तर तो जीएसटीचं सांगत बसला. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. डबल ड्यूटी असते का? हो की नाही एवढंच सांगा.

खटपट्या
माल नक्की कुठला? एफओबी, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतचाच खर्च तुमचा, की सीआयएफ, म्हणजे भाडं-विमाही तुमचा? पार्टी तो पुढे कुठे विकते?

माझा_माग
टॉवेल म्हणजे टेरी टॉवेलच की ओ. एफओबी न्हावा शेवा. पुढे कुठे विकतात ते मला काय करायचंय?

अर्थबोध
पार्टी थापा मारतेय. २४ डिसेंबर २०२० ला ब्रिटन आणि युरोपीय संघाचा करार ठरला, त्यात मालावर शून्य ड्यूटी आहे. शून्याची डबल किती होते? सरळ नाही म्हणा.

खटपट्या
@अर्थबोध, शून्य ड्यूटी युरोपात *बनलेल्या* मालाला. टॉवेल सोलापुरात बनतोय.

अर्थबोध
हॉलंडमध्ये घडी घालून, नवीन पट्टी लावून पॅक केला की तो युरोपचाच झाला की. सगळे हेच करतात.

वेस्टलँडकर
नाही होत. रॉटरडॅमजवळ एका कस्टम्स एजंटाकडे कामाला आहे, रोज हेच बघते. घडी घालणं, इस्त्री, लेबल, पॅकिंग यांनी मालाचं मूळ बदलत नाही, करारात तसं स्पष्ट लिहिलंय. असं करणारे सापडले की दंडासकट भरतात. नवीन माणसाला असले सल्ले देऊ नका.

माझा माग, आधी सांगा, तुमच्या मालातला काही भाग इंग्लंडला जातो का? कार्टनवरून कळेल.

माझा_माग
काही कार्टनवर कोपऱ्यात यूके छापायला सांगतात. आणि त्या टॉवेलांचं धुलाईचं लेबल नुसतं इंग्रजीत असतं, बाकीच्यांवर चार भाषा. साधारण तिसरा हिस्सा असेल. आता तरी सांगा, हो की नाही?

वेस्टलँडकर
त्या तिसऱ्या हिश्शावर हो, बाकीवर नाही.

२०२० संपेपर्यंत तुमचा कंटेनर रॉटरडॅमला उतरायचा, तिथे एकदा ड्यूटी भरली की तो माल लिस्बनला जावो नाहीतर लीड्सला, मध्ये कुणी अडवत नसे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं, पण ही सोय संक्रमणकाळात चालू होती. १ जानेवारी २०२१ पासून मधे सीमा आली. आता भारतीय टॉवेल रॉटरडॅमला ड्यूटी भरून आत आला आणि तिथून इंग्लंडच्या हारिच बंदरात गेला तर ब्रिटिश कस्टम्स पुन्हा ड्यूटी मागतं. आधी भरलेली परत मिळत नाही. शिवाय दर खेपेला डिक्लरेशन, त्याची एजंटाची फी वेगळी. म्हणजे पार्टी खोटं बोलत नाहीये. पण पूर्णही सांगत नाहीये.

माझा_माग
मग १० टक्के द्यायचे का?

खटपट्या
हिशेब करा ना. टेरी टॉवेलचा साधा दर दोन्हीकडे १२ टक्के धरा. सवलतीचा दर बसत असेल तर त्याहून कमी. १०० युरोच्या मालात ३३ चा इंग्लंडला गेला तर दुसरी ड्यूटी ४ युरो. ब्रिटनमध्ये ती त्यांच्या विक्रीच्या किमतीवर आणि भाड्यासकट बसेल, म्हणून ५ म्हणा. १० कुठून आले? आणि ५ तरी सगळे तुम्हीच का सोसायचे?

वेस्टलँडकर
आणि ते ५ सुद्धा टाळता येतात. इंग्लंडचे कार्टन आधीच वेगळे छापताय ना? मग ते युरोपात ड्यूटी भरून मोकळे करायचेच नाहीत. कस्टम्सच्या बॉन्डेड गोदामात, म्हणजे ड्यूटी न भरता माल ठेवता येतो तिथे, ठेवायचे आणि टी-वन कागदावर (ड्यूटी न भरलेला माल पुढे नेण्याचा कागद) तिथून थेट ब्रिटनला काढायचे. युरोपची ड्यूटी लागतच नाही, फक्त ब्रिटनची लागते. ब्रिटन बाहेर पडलं तरी हा कागद चालतो त्या कॉमन ट्रान्झिटच्या व्यवस्थेत आहे. इतक्या वर्षांत तुमच्या पार्टीने हे केलं नसेल तर आळस आहे, आणि केलं असेल तर तुमच्याकडे १० टक्के मागणं ही चलाखी आहे. विचारा त्यांना.

लंडनकर_काका
मी हॅरोला राहतो, बरीच वर्षं झाली. सगळे ब्रेक्झिटच्या नावाने खडे फोडतात. दुकानात महागाई आली ती युक्रेनच्या युद्धाने आणि कोविडने. आणि युरोपात तरी काय दिवे लागलेत? जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी आकसली. ते तर बाहेर पडले नव्हते.

सांख्यिकी
काका, जनमत २३ जून २०१६ ला झालं आणि पौंड त्याच रात्री कोसळला, ३० वर्षांच्या नीचांकाला. तेव्हा कोविड कुठे होता? आयातीचा माल महाग झाला तो तिथून. ब्रिटन सरकारच्याच अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या ओबीआरचा अंदाज आहे की दीर्घ मुदतीत उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील आणि आयात-निर्यात १५ टक्क्यांनी.

लंडनकर_काका
अंदाज! कुणाच्या खिशातून ४ टक्के गेले ते दाखवा.

सांख्यिकी
कुणाच्याच खिशातून गेलेले दिसणार नाहीत. राहिलं असतं तर जेवढं असतं त्याच्याशी ती तुलना आहे. जो कारखाना उभाच राहिला नाही त्याचा फोटो कुठून आणू? तुमच्या बाजूने एक सांगतो, सेवांची निर्यात चांगली वाढली. लंडनच्या सल्लागाराला आणि वकिलाला ई-मेल पाठवायला हारिच लागत नाही. मार बसला तो मालाला, त्यातही छोट्यांना. मोठी कंपनी कागदपत्रांना माणूस ठेवते, छोटा दुकानदार युरोपला विकणंच सोडून देतो.

मडगांवकार
आमच्या गोव्यातल्या सासष्टीतले कितीतरी जण पोर्तुगीज पासपोर्टावर स्विंडनला नि साउथॉलला गेले, ते युरोपच्या नियमानं. त्यांना सेटल्ड स्टेटससाठी, म्हणजे तिथंच राहायच्या हक्कासाठी, ३० जून २०२१ ची मुदत होती. माझ्या भावानं अर्ज वेळेत केला, त्याच्या सासूचा राहिला. आता नवीन माणसाला पोर्तुगीज पासपोर्टावर तिथं कामाला जाता येत नाही, व्हिसा लागतो. आयर्लंडला जाता येतं. कुणाला माहिती हवी असेल तर विचारा.

माझा_माग
मला आयर्लंडला जायचं नाही ओ. टॉवेल पाठवायचेत.

कोथरूडची_आई
मुलाला लंडनला एमएससीला पाठवावं का? इथे जाणकार दिसताहेत म्हणून विचारते. शिकून झाल्यावर तिथे कामासाठी व्हिसा मिळतो म्हणे?

खटपट्या
ताई, वेगळा धागा काढा. इथे आधीच सासू, युक्रेन आणि टॉवेल एका कार्टनमध्ये बसलेत.

धडाडी
हॉलंडवाल्याला मध्ये ठेवताच कशाला? थेट इंग्लंडच्या हॉटेलांना विका. भारत-ब्रिटन करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्यात. तो लागू झाला की टॉवेलची ड्यूटी १२ वरून शून्य. मी असतो तर उद्याच्या विमानाने गेलो असतो.

खटपट्या
तुम्ही नसता गेलात. नव्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल द्यायचा, ईसीजीसीचं, म्हणजे उधारी बुडाली तर सरकारी विम्याचं, कवच घ्यायचं, शंभर-दोनशे टॉवेलांच्या ऑर्डरी सांभाळायच्या, हे यंत्रमागवाल्याने करायचं? ती पार्टी गोदाम ठेवते, उधारी सोसते, त्याचेच पैसे घेते.

वेस्टलँडकर
थेट विकू नका, पण थेट *पाठवा*. मालक तीच पार्टी, फक्त इंग्लंडचा कंटेनर न्हावा शेव्याहून तिकडच्या फेलिक्सस्टो बंदराला. नव्या कराराचा शून्य दर भारतातून गेलेल्या मालाला आहे. तो माल मध्ये हॉलंडमध्ये मोकळा केला तर हा फायदाही हातचा जाईल. त्यामुळे पुढे याची गरज पार्टीलाच तुमच्यापेक्षा जास्त पडेल. तिसऱ्या हिश्शात २० फुटी कंटेनर भरतो का?

माझा_माग
एका ऑर्डरीत नाही भरत. दोन-तीन ऑर्डरी एकत्र केल्या तर भरेल.

सांख्यिकी
एक विचारू? इतकी वर्षं गप्प बसलेल्या पार्टीला ब्रेक्झिट आत्ताच का आठवलं? तुमचं अमेरिकेचं काम आहे का?

माझा_माग
होतं. २०२५ च्या ऑगस्टात ट्रम्पने ५० टक्के ड्यूटी लावली तेव्हापासून बंदच आहे. निम्मे माग झाकून ठेवलेत. त्याचा इथे काय संबंध?

सांख्यिकी
सोलापूरचे माग रिकामे आहेत हे हॉलंडला कळलंय, एवढाच संबंध. दुसरी ड्यूटी तर २०२१ पासूनच बसतेय. बदलली ती तुमची गरज.

लंडनकर_काका
बघा, शेवटी दोष ट्रम्पचाच निघाला.

माझा_माग
मेल टाकला पार्टीला. लिहिलं की दुसरी ड्यूटी फक्त यूकेच्या कार्टनवर बसते, तेवढ्याचा हिशेब पाठवा, आणि बॉन्डेडमध्ये का ठेवत नाही ते सांगा. दोन तासांत उत्तर. १० चे ३ झाले. वर म्हणतात बॉन्डेडमध्ये ठेवतो, पण गोदामाचं भाडं निम्मं तुम्ही द्या. द्यावं का?

वेस्टलँडकर
माल तिथे किती दिवस पडून असतो? भाडं पॅलेटमागे की कार्टनमागे? आणि बॉन्डेडमध्ये गेल्यावर ते ३ टक्के कशाचे?

माझा_माग
ते विचारलंच नाही. विचारतो.

वेस्टलँडकर
लेखी घ्या. दर ठरल्याशिवाय निम्म्याला हो म्हणू नका. ३ किंवा भाडं, दोन्ही नाही.

कोथरूडची_आई
बरं, व्हिसाचं राहू दे. हे निर्यातीचे टॉवेल पुण्यात किरकोळ मिळतात का? जाड, पांढरे. सहा हवेत.