गणपतीत आईला आणि लेकीला घेऊन कुठला धबधबा बघावा?

कणकवलीची_सून
नमस्कार मंडळी, गौरी-गणपतीला गावी कणकवलीला आहोत, विसर्जनानंतर तीन दिवस हातात आहेत. आईला (वय ६७, गुडघे दुखतात) अन् लेकीला (वय ७) खरा जंगलातला धबधबा दाखवायचाय. आई सोलापूरची, तिने आयुष्यात धो धो पडणारं पाणी जवळून बघितलेलंच नाही, म्हणून फार मनात आहे. आंबोली, नापणे, सावडाव अशी नावं कळलीत पण तिथे नक्की चालावं किती लागतं, मुलीला पाण्यात सोडता येईल का, आणि जळवांचं काय, हे कोणी नीट सांगेल का?

व्हाळाकाठचो
ताई, पाण्यात पाय घालायचे तर सावडाव. तुमच्याच तालुक्यात आहे, पाणी रुंद कातळावरून पसरून येतं, खाली कडेला उथळ असतं, पोरं तिथेच खेळतात. फक्त सकाळी लवकर जा, नऊच्या आधी, नंतर गर्दी होते आणि कातळावर पाय ठेवायला जागा राहत नाही. नापणे वैभववाडी तालुक्यात, तो बारमाही, उन्हाळ्यातही वाहतो, दिसायला देखणा पण खालचा डोह खोल आहे, तिथे लेकीला पाण्यात उतरवू नका, लांबूनच बघा.

आता महत्त्वाचं. आपल्याकडे पाऊस इथे पडतो की नाही ते बघून उपयोग नाही, वर घाटमाथ्यावर पडतोय का ते बघायचं. वरचा सडा म्हणजे उघडा कातळ, त्यात पाणी मुरत नाही, जेवढं पडेल तेवढं सरळ व्हाळात, म्हणजे ओढ्यात येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असताना लोंढा येऊ शकतो. आमची आजी सांगायची, 'पाणी लाल झाला काय व्हाळात रवाचा नाय.' पाणी गढूळ झालं, पालापाचोळा काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, की चपला तिथेच सोडून बाहेर यायचं. २०२४ च्या जूनमध्ये लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, पाण्याच्या मध्यावर एकमेकांना धरून उभी होती. तो व्हिडिओ मी अजून विसरू शकलेलो नाही.

रानवाटा_सावंतवाडी
वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत. आईंसाठी मात्र मी आंबोलीच म्हणेन. घाटात मुख्य धबधबा रस्त्याला लागूनच आहे, गाडीत बसूनही दिसतो, गुडघ्यांना त्रास नाही. शनिवार-रविवार अजिबात नको, वाहनांची रांग लागते. पुढे बेळगावच्या रस्त्यावर नांगरतास आहे, तिथे पाणी अरुंद घळीत खोल कोसळतं, कठड्याच्या आतूनच बघायचं. आंबोलीजवळच्या गेळे गावात कावळेसादचा कडा आहे, तिथे वारा असेल तर पाणी खालून वर उडतं, आई हरखून जातील, पण कड्याच्या टोकाला मुलीचा हात सोडू नका.

जळवा असणारच, घाबरू नका. ओढून काढू नये, मीठ लावलं की सुटते. नंतर रक्त थोडा वेळ थांबत नाही कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, दाबून धरा, थांबतं. लांब मोजे घाला, पॅन्ट त्यात खोचा.

आणि मुक्काम करणार असाल तर रात्री स्थानिक वाटाड्यासोबत टॉर्च घेऊन फिरा. पाण्यावर झुकलेल्या पानांवर हिरव्या मलबारी उडत्या बेडकाची फेसाची घरटी दिसतात, पिल्लं त्यातून थेट खाली पाण्यात पडतात! लेकीला आयुष्यभर लक्षात राहील. फक्त फांद्यांना हात लावू नका, मलबारी चापडा हा साप विषारी असतो आणि तासन्‌तास तसाच बसून असतो, दिसतही नाही.

कणकवलीची_सून
खूप खूप आभार दोघांचे. मग असं ठरवलंय, बुधवारी सकाळी सावडाव, गुरुवारी आंबोली, रात्री तिथेच मुक्काम. एक विचारायचं राहिलं, सावडावला खाली उतरायला पायऱ्या आहेत ना, आईला जमतील?

व्हाळाकाठचो
आहेत, पण ओल्या असतात आणि शेवाळ धरतात. आईंना सपाट चपला नको, पट्ट्याच्या ग्रिपवाल्या सँडल द्या, हाताला काठी द्या. नाहीच जमलं तर वरून पण मस्त दिसतो, तिथे छत्री धरून बसवा. आणि निघायच्या आधी गावात कोणाला तरी विचारा वर काल रात्री पाऊस किती लागला ते.