डावा कोपरा, डावा गुडघा आणि लाइनबॅकर: परत उतरावं का?

डावा_कोपरा
नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

वय चौतीस. मिसरूड फुटायच्या आधीपासून मंडळाकडून कबड्डीत डावा कोपरा, म्हणजे बचावफळीचं डावं टोक, खेळतोय. गेल्या जानेवारीत, ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, मातीवरच्या सामन्यात चढाईवाल्याचा घोटा धरला. त्याच वेळी आमचाच मध्यरक्षक धावत आला आणि त्याचं सगळं वजन माझ्या पायावर पडलं. पाऊल मातीत रुतलेलं, अंग फिरलं, गुडघा जागेवरच राहिला. आवाज एवढा मोठा आला की चढाईवाला कबड्डी-कबड्डी म्हणायचंच विसरला. गुण आम्हाला मिळाला, एवढंच समाधान.

एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं निघालं. होळीच्या आधी ऑपरेशन झालं, मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा तुकडा घेऊन नवं लिगामेंट बसवलं. आता दिवाळी झाली. चालतो, जिना उतरतो, गाडीला किक मारतो. बायको म्हणते पुरे झालं. मंडळाची पोरं म्हणतात, "काय बे, संक्रांतीनंतर स्पर्धा हाय, ये की." डॉक्टर म्हणतात बघू.

खाटेवर पडल्यापडल्या मला अमेरिकन फुटबॉलचा नाद लागला. रविवारी रात्री साडेदहाला (थंडीत साडेअकराला) तिकडचे दुपारचे सामने सुरू होतात, घर झोपलेलं असतं, मी आणि मोबाइल. त्यातला लाइनबॅकर मला आपला वाटतो. पुढच्या फळीच्या मागं वाकून उभं राहायचं, बॉल कुणाकडं जाणार ते ओळखायचं आणि त्याच्या अंगावर जायचं. थॉमस डेव्हिसबद्दल वाचलं, एकाच गुडघ्याचं एसीएल तीनदा तुटून परत आला. माझं तर एकदाच तुटलंय! अशा लोकांकडं बघून आपण उतरावं का? अनुभव असलेल्यांनी सांगा.

शार्लटचा_सोलापूरकर
दादा, डेव्हिस आमच्या इथल्या कॅरोलायना पँथर्स संघाचा, म्हणून राहवलं नाही. बालपण बाळीवेशीत गेलं, नोकरी अमेरिकेत शार्लटला.

त्याचा उजवा गुडघा गेला नोव्हेंबर २००९ ला, मग जून २०१० ला, मग सप्टेंबर २०११ ला. २०१२ ला परतला आणि २०२० पर्यंत खेळला. २०१६ च्या फेब्रुवारीत सुपर बोल ५० ला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, तर दोन आठवड्यांपूर्वी मोडलेल्या हातात प्लेट आणि स्क्रू घालून उतरला. इथपर्यंत सगळे सांगतात. आता मधलं बघा. २०१० च्या हंगामात एकही सामना नाही, २०११ ला फक्त दोन. परतला तेव्हा वय एकोणतीस. आणि त्या काळात गुडघा सांभाळणं हीच त्याची नोकरी होती. तुम्हाला बहुतेक दिवसभर पायावर उभं राहून मग संध्याकाळी सराव करायचा असणार.

माझ्या मते तुम्ही नवोरो बोमनकडं बघावं, सॅन फ्रान्सिस्कोचा. जानेवारी २०१४ ला सिएटलच्या मैदानावर त्याचं एसीएल आणि बाजूचं एमसीएल दोन्ही गेलं. २०१४ चा अख्खा हंगाम बाहेर बसला. २०१५ ला आला आणि १५४ टॅकल (बॉलवाल्याला धरून आडवा करणं), लीगमध्ये सगळ्यात जास्त. आकडा वाचून वाटतं गडी होता तसा परत आला. सामने बघताना मला तरी तसं वाटलं नाही. आडवं पळताना पूर्वीचा झपाटा नव्हता. नजरेवर आणि अंदाजावर तो आधीच सुटायचा. टॅकल मोजतात, पण माणूस किती पुढं गेल्यावर आडवा केला ते त्या आकड्यात येत नाही. पुढच्याच वर्षी टाचेमागची अकिलीस तुटली, तो हंगामही गेला.

आणखी एक. हंगामाच्या सुरुवातीला दुखापतीच्या यादीत ठेवलेल्या खेळाडूला इथं निदान चार सामने बाहेर बसावंच लागतं. मग सरावाला लागला की २१ दिवसांची मुदत. तेवढ्यात संघात घ्या, नाहीतर हंगाम विसरा. म्हणजे सामन्याआधी संघाबरोबर सराव, अंगाला अंग लागणारा. तुमच्या पोरांना विचारा, ते सरावाला बोलवतायत की थेट स्पर्धेला?

फिजिओ_जुळेसोलापूर
दादा, तुम्ही सगळं लिहिलंत, पण काम सुटल्यावर गुडघा सुजतो का ते लिहिलं नाहीत. मला सगळ्यात आधी तेच हवंय.

ऑपरेशननंतर खेळायला नऊ महिने थांबायचं, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याला आधार आहे. नॉर्वेतल्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत प्रत्येक महिना थांबल्यावर गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी कमी दिसलं. पण ती किमान मुदत आहे, परवाना नाही. एका पायावर उडी मारून त्याच पायावर उतरायचं. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के अंतर गेला पाहिजे, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकदही तेवढीच. घरी एकट्यानं करू नका, व्यायामाला जाता तिथं कुणाला तरी समोर उभं करा.

शिवाय तुमच्या हॅमस्ट्रिंगचा तुकडा काढलाय. कोपऱ्यात खाली बसून घोटा ओढायला तोच स्नायू लागतो. तुमच्यासाठी ती ताकदही वेगळी मोजायला सांगा.

पार्कावरचा
का बे कोपऱ्या, लाइनबॅकर बघून गुडघा बरा होतो व्हय? मी तुला सांगतो. घोटा धरायचं सोड, आत सरकून मध्यरक्षक हो. उभ्यानं ब्लॉक करायचा. तुझी नजर अजून चालते, पोरांना ती नाही. चढाईवाल्याचा बोनसचा पाय कधी येणार ते तुला आधी कळतं.

फिजिओ_जुळेसोलापूर
पार्कावरचे दादा, मध्यरक्षक उभा असतो खरा, पण धावत जाऊन धडक तोच देतो आणि ढिगाऱ्यात खाली तोच सापडतो. यांचा गुडघा मोडला तो मध्यरक्षकाच्याच वजनानं.

पार्कावरचा
ताई, मग कबड्डीत बिनधोक जागा एकच, पंचाची.

डावा_कोपरा
सगळ्यांचे आभार, पार्कावरच्यांचे जरा कमी.

सूज येते. मी टॉवेलच्या कारखान्यात आहे, पाळी संपली की गुडघ्याच्या वरच्या बाजूला फुगवटा असतो, बोटानं दाबला की कळतो. सकाळी जातो. व्यायामाच्या ठिकाणच्या पोराला समोर उभं करून उडी मारली. तिथं एकफुटी फरशा आहेत. उजव्या पायानं पाच पार केल्या, डाव्यानं चौथ्यातच उतरलो, तेही लटपटत. खरं सांगायचं तर अंतरापेक्षा उतरताना वाटलेली भीती जास्त बोचली. कोपऱ्यात पाव सेकंद विचार केला की चढाईवाला रेषेपार.

पोरांना फोन केला. शार्लटवाल्यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. उत्तर आलं, "सरावाचं बघू, आधी यादीत नाव देतो." नाव काढायला सांगितलं. संक्रांतीची स्पर्धा सोडली. पुढच्या हंगामाचं उन्हाळ्यात ठरवेन, तेही आधी संघाबरोबर नीट सराव झाला तर. कोपरा की मध्यरक्षक ते तेव्हा भांडू.

फिजिओ ताई, पाळीच्या मधल्या सुट्टीत पाय वर करून बसलो तर सूज कमी होईल का, की बर्फच लावू? आणि सोलापुरात सकाळी सहाच्या सुमाराला मॅट अंथरलेली जागा कुणाला माहीत असेल तर सांगा. मातीवर एवढ्यात पाय टाकणार नाही.