लॉग केबिन गोधडी: मधल्या चौकोनाला कोणतं कापड?

सुईदोरा, रत्नागिरी
६४ बाय ८० इंचाची लॉग केबिन गोधडी, म्हणजे मधल्या चौकोनाभोवती पट्ट्यांच्या फेऱ्या जोडत चौकटी करायच्या ती, शिवायला घेतेय. तयार चौकट ८ इंची, म्हणजे ८० चौकटी. पट्ट्या जुन्या सुती लुगड्यांच्या: फिकट बाजूला मोतिया, गडद बाजूला जांभळा नि गर्द हिरवा. मधे लाल लावू की खण? खणाचे तुकडे ८० ना पुरणार नाहीत. कापड किती लागेल?

वाकळवाली, मालवण
ताई, लालच लावा. लॉग केबिन म्हणजे ओंडक्यांचं घर, त्यातली चूल म्हणून मधे लाल लावायची अमेरिकेतली जुनी रीत आहे. पण रंगापेक्षा उठाव बघा. हा चौकोन फिकट आणि गडद दोन्ही पट्ट्यांना चिकटून बसतो. जांभळ्याशेजारी मरून रंगाचा चौकोन पार बुडेल, कुंकवासारखा झळझळीत लाल उठेल. मधलं, फिकट आणि गडद अशी तिन्ही कापडं शेजारी ठेवून मोबाइलवर काळापांढरा फोटो काढा. दोन कापडं एकसारखी करडी दिसली तर त्यातलं एक बदला.

चौकोन अडीच इंच कापा, पट्ट्या दीड इंच रुंद, फेऱ्या तीन. ४४ इंची पन्ह्यात किनार सोडून १६ चौकोन निघतात. ८० साठी साडेबारा इंच कापड. अर्धा मीटर घ्या, धुतल्यावर आटतं.

खणपोलका, सावंतवाडी
खण अगदीच सोडू नका. मधल्या १६ चौकटींत खण, भोवतीच्या ६४ मध्ये लाल, हे फार देखणं दिसतं. फक्त खणाचे दोरे भराभर सुटतात, पाव इंचाच्या शिवणीत काही उरत नाही. तीन इंची तुकडा मलमलीवर ठेवा, अडीच इंचाचा चौकोन आखा, रेघेच्या सूतभर (इंचाचा आठवा भाग) आत टीप मारा आणि मग रेघेवर कापा. टीप शिवणीत लपते. सगळे तुकडे एकाच दिशेने लावा. खणाचे उभे-आडवे धागे वेगळ्या रंगांचे असतात, तुकडा आडवा फिरला की रंगच निराळा दिसतो.

सुईदोरा, रत्नागिरी
नमुन्याच्या दोन चौकटी शिवल्या, दोन्ही कडेच्या शिवणीच्या जागेसकट साडेआठऐवजी पावणेआठ इंच भरल्या. असं का?

वाकळवाली, मालवण
शिवण अर्धा सूत जास्त जातेय. प्रत्येक शिवणीत दोन्ही कापडं मिळून एक सूत खाल्लं जातं, चौकटीत आडव्या सहा शिवणी, म्हणजे सहा सूत, बरोबर पाऊण इंच. सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पत्र्याला चिकटपट्टी लावा. पहिली फेरी झाली की मोजा, साडेचार इंच भरलं पाहिजे. तिथे चूक सापडली तर चारच शिवणी उसवाव्या लागतात. इस्त्री करताना शिवण मधल्या चौकोनापासून बाहेर वळवा, नाहीतर तो फुगतो.

निळीचं पाणी, दापोली
लाल कापड कापण्याआधी गरम पाण्यात पांढऱ्या चिंधीबरोबर अर्धा तास भिजवा. चिंधी गुलाबी झाली तर पुन्हा धुवा. तिसऱ्यांदाही रंग सुटला तर ते कापड वापरू नका, मिठाने वा व्हिनेगरने हा रंग पक्का होत नाही. आपल्याकडे पावसात गोधडी लवकर वाळत नाही, आणि ओल राहील तितका वेळ लाल रंग मोतिया पट्टीत उतरत राहतो.