नाताळगीतांची पुनरावृत्ती
'तीच ती नाताळगीते दिवसभर वाजवणे हा रेडिओ केंद्रचालकांचा निव्वळ आळस आहे', हे मत मला अर्धेच पटते. अमेरिकेतील अनेक स्थानिक एफएम केंद्रे नोव्हेंबरमध्येच नेहमीची गाणी बाजूला ठेवून २५ डिसेंबरपर्यंत केवळ नाताळगीते लावतात, कारण त्या काळात त्यांचा श्रोतृवर्ग खरोखरच वाढतो. रेडिओचे श्रोते मोजणाऱ्या नील्सन या कंपनीच्या श्रोतृमापनात वर्षाचे १३ कालखंड असतात आणि त्यांतील शेवटच्याचे नावच मुळी 'हॉलिडे' असे आहे. मला वाईट वाटते ते २६ तारखेच्या सकाळी. आदल्या रात्रीपर्यंत घंटांच्या नादात रमलेले केंद्र एका जाहिरातीनंतर एकदम जुन्या यादीवर परतते, तेव्हा घरातले झाडसुद्धा उतरवलेले नसते. निदान नववर्षापर्यंत तासाला एखादे तरी नाताळगीत राहू द्यावे.