सागवानी कुंडी-स्टँड डावी-उजवीकडे डुलतोय, मदत हवी आहे

नमस्कार. कोथरूडच्या आमच्या गॅलरीसाठी जुन्या दाराच्या सागवानी चौकटीतून तीन पायऱ्यांचा कुंड्यांचा स्टँड स्वतः बनवलाय. उंची ३ फूट, रुंदी अडीच फूट. पाय दीड इंच चौरस, फळ्या पाऊण इंची. पाणी घातल्यावर सगळ्या कुंड्यांचं वजन साधारण ४० किलो भरतं.

पुढे-मागे तो घट्ट आहे, पण बाजूने हात लावला की डुलतो. दोन्ही बाजूंच्या चौकटी खाचा पाडून, फेविकॉलने जोडल्यात. फळ्या मात्र त्यांवर नुसत्या स्क्रूने बसवल्यात. दुखणं तिथेच असावं. जाड स्क्रू घालून पाहिले, कोपऱ्यांत लोखंडी एल-पट्ट्याही लावल्या. आठवडाभर बरं वाटलं, मग परत तेच, वर पट्ट्यांना गंज. फरशी लेव्हलने तपासली, सपाट आहे.

घर भाड्याचं, त्यामुळे भिंतीला अडकवता येणार नाही. हत्यारं करवत, रंधा, पटाशी आणि ड्रिल, एवढीच. गॅलरी पश्चिमेची, पावसाची झड थेट आत येते. म्हणून पायांचे तळ, जिथून लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं, ते शेवटी सील करणारच आहे.

मागे तिरकी पट्टी मारली की त्रिकोण होऊन हलणं थांबेल, हे कळतं. पण हे लाकूड फार देखणं आहे, त्यावर तिरकी पट्टी नको वाटते. त्याऐवजी मागच्या दोन पायांमध्ये खाचेत बसवलेली रुंद आडवी पट्टी पुरेल का, आणि पुरत असेल तर ती किती इंच रुंद घ्यावी व वरच्या फळीखाली लावावी की तळाशी?