काटा की दिवा? गाडीतल्या जादा मीटरांवरून

खंबाटकी_डिझेल
काल इथे 'साधीगाडी' यांनी लिहिलं, "टेंपरेचर, ऑइल प्रेशर, बूस्टची (टर्बोच्या हवेच्या दाबाची) मीटरं डॅशबोर्डवर लावणं ही पोरांची हौस आहे. कंपनीने तांबडा दिवा दिलाय तो पुरे." त्या दिव्याच्या भरवशावर राहून मला केवढ्याला पडलं ते सांगतो.

मे महिना, खंबाटकी घाट, गाडीत पाच माणसं, एसी चालू. माझ्या डिझेल हॅचबॅकला टेंपरेचरचा काटाच नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा, तापलं की तांबडा, बस. तांबडा लागला तेव्हा डावीकडे ट्रकांची रांग. बाजूला घेईपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली आणि बॉनेटमधून वाफ निघायला लागली. रेडिएटरच्या होजचा (रबरी नळीचा) क्लॅम्प ढिला होऊन पाणी गेलं होतं. इंजिनाच्या हेडला बाक आला, त्याखालचं गॅस्केट गेलं, गाडी तीन आठवडे गॅरेजात.

त्यानंतर रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये सेन्सर टाकून ५२ मिलिमीटरचं मीटर बसवलं. गेल्या पावसाळ्यात आंबा घाटात एरवी ९० वर असणारा काटा ९८ वर गेला, मग १०३. थांबलो. रेडिएटर फॅनचा फ्यूज उडाला होता. बदलला आणि निघालो. तांबडा दिवा लागलाच नव्हता. याला हौस म्हणायचं असेल तर आधी हेडचं बिल भरून बघा.

साधीगाडी
शब्द मागे घेत नाही. माझ्या मावसभावाने ऑइल प्रेशरचं मीटर लावलं. मूळ स्विच काढून तिथे पितळी टी (तीन तोंडांचा जोड) घातली, एका तोंडाला स्विच, दुसऱ्याला मुठीएवढा जड सेन्सर. इंजिनाच्या थरथरीने टी मानेपाशी चिरली. सोलापूर रस्त्यावर सगळं ऑइल बाहेर, इंजिन जाम. ते भोक उघडलं नसतं तर गाडी आजही चालली असती.

आणि तुमचं खंबाटकीचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. पाणी गेल्यावर वरच्या होजमधला सेन्सर हवेत राहतो. काटा चढत नाही, उलट उतरतो!

शिवाय बरेचजण हे मीटर काचेशेजारच्या खांबावर बसवतात. कर्टन एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाडीत ती त्याच बाजूने फुगते. मीटर सुटून तोंडावर आलं तर?

जुनं_गॅरेज
दोघं कशाला भांडताय? थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गरम होणारच नाही. आमच्या जीपमधून वडिलांनी काढला होता, वीस वर्षं परभणीच्या उन्हात चालवली. आपल्याकडे ४४ डिग्री असतं, इथे इंजिन गरम करायचं यंत्र कशाला?

मीनल_नाशिक
काका, या सल्ल्याने किती गाड्यांची वाट लागलेली मी वर्कशॉपमध्ये बघितलीय. बाहेर ४४ असो की १४, इंजिनाला ९०च्या आसपास राहायचं असतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ ला उघडतो, त्याआधी पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो काढला की मोकळ्या रस्त्यावर इंजिन तापतच नाही. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी आत्ताच चालू झालीय, तो त्या हिशेबाने डिझेल टाकत राहतो. ॲव्हरेज पडतं, ऑइलचा चिखल होतो. बीएस ६ डिझेलला तर डीपीएफमधली (धुराच्या फिल्टरमधली) काजळीच नीट जळत नाही.

जुनं_गॅरेज
ताई, आमच्या जीपला ईसीयूही नव्हता आणि डीपीएफही नव्हता. कॉम्प्युटर लावून भाग बदलणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. कूलंटचं पण तेच, तेवढ्या पैशात टाकीभर नळाचं पाणी येतं.

मीनल_नाशिक
नळाच्या पाण्याने रेडिएटरच्या नळ्या चुन्याने बुजतात. गेल्याच महिन्यात मी एक कापून बघितला, आत पांढरा थर, काडीसुद्धा जाईना. मालक म्हणत होता गाडी उगाचच गरम होते. वीस वर्षं चालली म्हणजे बरोबर चालली असं नसतं काका. चिडायचं तर चिडा.

खंबाटकी_डिझेल
थर्मोस्टॅटसाठी वेगळा धागा काढा की!

साधीगाडी, होजमधल्या सेन्सरचं तुमचं म्हणणं खरं आहे, नाइलाजाने मानतो. म्हणूनच आता काटा एकदम खाली आला तरी मी थांबतो. पण तुमच्या भावाची टी मीटरमुळे चिरली नाही, बसवणाऱ्यामुळे चिरली. जड सेन्सर इंजिनावर लटकवायचाच नसतो, लवचिक होज देऊन बॉडीवर बसवायचा. आणि एकतारी सेन्सरच्या (त्याची अर्थिंग आट्यांतूनच होते) आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली की अर्थिंग बिघडून आकडा खोटा येतो, हेही निम्म्यांना माहीत नसतं.

ऑइलचा तांबडा दिवा साधारण अर्ध्या बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) खाली लागतो. हायवेवर ३००० आरपीएमला प्रेशर तीनवरून एकवर आलं तरी तो गप्पच. ते मला काट्यावरच दिसतं.

मीनल_नाशिक
ज्यांना भोक पाडायचं नाही त्यांनी ओबीडी पोर्टात (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे देणाऱ्या सॉकेटात) अडॅप्टर लावून मोबाईलवर आकडे बघावेत. २०१३ नंतरच्या गाड्यांना ओबीडी-२ आहेच. टेंपरेचर मिळतं, टर्बो गाडीत बहुधा बूस्टही. ऑइल प्रेशर सहसा मिळत नाही, कारण कंपनीने तिथे नुसता स्विच दिलेला असतो. स्वस्त अडॅप्टर रात्री काढून ठेवा, बॅटरी उतरते.

साधीगाडी
खांबावरच्या मीटरला माझा विरोध कायम आहे.

पण शेजाऱ्याचा अडॅप्टर आणून आज नाशिक फाट्यापासून मंचरपर्यंत लावला. ताशी ८० ला आकडा ६४ च्या वर जाईना. चढाला ७१, पुन्हा ६४. दीड वर्ष मी ॲव्हरेज पडल्याची तक्रार करतोय. घरी येऊन मिस्त्रीला फोन केला. मला न विचारता थर्मोस्टॅट काढलाय, "साहेब, उन्हाळ्याचा काढून ठेवला होता." दिवा अर्थातच लागला नव्हता.

मीनलताई, नवा टाकताना त्याचं हाऊसिंगपण (तो बसतो ते घर) बदलावं लागेल का?